घरी ठेवता न येणारं वाद्य : अमेरिकेत कंडक्टिंग शिकायला जायचं असेल तर

तबला घरी असतो, पेटी घरी असते, व्हायोलिन कपाटावर ठेवता येतं. शेजारी दार वाजवेपर्यंत रियाज करता येतो. कंडक्टरचं, म्हणजे वाद्यवृंदापुढे उभं राहून हाताच्या खुणांनी तो चालवणाऱ्याचं, वाद्य म्हणजे पन्नास-साठ माणसं. ती आठवड्यातून दोन-तीनदा जमतात, ठरल्या वेळी उठून जातात, आणि शिकाऊ माणसाच्या वाट्याला त्यातली दहा मिनिटं आली तरी तो खूश असतो. म्हणून हा अभ्यासक्रम मला नेहमी असाच दिसत आला आहे : हाताशी नसलेल्या वाद्याचा रियाज कसा करायचा, याचं शिक्षण.

मी अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठातून इन्स्ट्रुमेंटल कंडक्टिंगमध्ये मास्टर्स केलं. त्याआधी पुण्यात क्लॅरिनेट वाजवायचे, तीही शाळेच्या बँडमुळे हातात आलेली. निघताना सोसायटीतल्या काकूंनी विचारलं होतं, "कंडक्टरच व्हायचं तर एसटीत भरती निघते की गं!" आता मला फोन येतात ते दोन तऱ्हेच्या घरांतून. मुंबई, पुणे, गोवा इथून, जिथे कुणीतरी ग्रेडच्या परीक्षा देत पियानो किंवा व्हायोलिन शिकलेलं असतं. आणि न्यू जर्सी, बे एरिया इथल्या मराठी घरांतून, जिथे लेक हायस्कूलच्या मार्चिंग बँडची ड्रम मेजर, म्हणजे पुढे राहून बँडला खुणा करणारी, झालेली असते आणि आई धास्तावलेली असते. दोघांनाही तेच तेच सांगत बसण्यापेक्षा लिहून ठेवते.

'इन्स्ट्रुमेंटल' म्हणजे गायनवृंद वगळून. त्यात दोन शाखा : तंतुवाद्यांसकटचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा, आणि फुंकवाद्यांचा व तालवाद्यांचा विंड बँड. दुसरी शाखा ही अमेरिकन कॉलेजांची खासियत. फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये रोचेस्टरच्या ईस्टमन स्कूल या संगीत विद्यालयात विंड ऑन्सॉम्बल, म्हणजे फुंकवाद्यांचा आटोपशीर वृंद, उभं केलं, तिथून एका भागाला एकच वादक ही पद्धत देशभर पसरली. आपल्याकडे बँड म्हटलं की वरात किंवा परेड डोळ्यांपुढे येते, म्हणून लोक या शाखेकडे पाहतही नाहीत. चुकतात. संधी इथेच जास्त आहेत, कारण बँड नाही असं अमेरिकन हायस्कूल शोधावंच लागतं.

आधी वाद्य, मग काठी

बारावीनंतर लगेच 'कंडक्टिंगला प्रवेश' असं अमेरिकेत सहसा नसतं. बॅचलर्सला मुख्य विषय म्हणून कंडक्टिंग क्वचितच मिळतं. प्रवेश आपापल्या वाद्यावर होतो : परफॉर्मन्सला किंवा म्युझिक एज्युकेशनला. कंडक्टिंगचे वर्ग त्यात मधल्या वर्षांत येतात, बहुधा दोन सत्रं. खरं शिक्षण मास्टर्सला, दोन वर्षांचं, आणि कॉलेजात शिकवायचं असेल तर पुढे डॉक्टरेट, म्हणजे डीएमए (डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स).

परफॉर्मन्स की एज्युकेशन? मला विचाराल तर एज्युकेशन, विशेषतः बँडकडे ओढा असेल तर. त्यात प्रत्येक वाद्यकुळाचा एकेक वर्ग करावा लागतो. एका सत्रात ट्रंपेट-ट्रॉम्बोन, दुसऱ्यात बासरी-ओबो-क्लॅरिनेट, मग तंतुवाद्यं, मग तालवाद्यं. ट्रॉम्बोनवर मी काढलेला आवाज दिवाळीत आमच्या गल्लीतलं कुत्रं काढतं तसा होता. पण त्याच्या सरकत्या नळीच्या सहाव्या पोझिशनवरून पहिलीवर यायला हाताला किती लांब जावं लागतं हे तेव्हा कळलं, आणि ते कळल्यावर ट्रॉम्बोनवाल्यांवर उगाच डोळे वटारणं बंद झालं. शिवाय विंड कंडक्टिंगचे बरेच प्राध्यापक मास्टर्सला घेताना शाळेत दोन-तीन वर्षं शिकवलेल्यांना पसंती देतात.

कंडक्टर झुबिन मेहतांचं उदाहरण घ्या. १९३६ चा मुंबईचा जन्म, वडील मेहली मेहतांच्या बॉम्बे सिम्फनीच्या तालमी कानांवर पडत वाढलेले. १९५४ मध्ये व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे कंडक्टिंग शिकायला गेले, तेव्हाही ऑर्केस्ट्रात डबल बास वाजवत होते. वादकांच्या खुर्चीतून समोरचा माणूस कसा दिसतो हे ज्याने पाहिलंय, त्याचे हात कमी बडबड करतात.

भारतात असाल तर एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षांतून आपलं वाद्य आठव्या ग्रेडपर्यंत न्या, आणि सोबत पियानो. मैफिलीचा नव्हे, स्कोअरमधले (सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक लिहिलेली कंडक्टरची वही) चार भाग हळूहळू एकत्र वाजवता येतील इतपत. पेटी वाजवणाऱ्यांना इथे वाटतं की आपलं अर्धं काम झालं. उजव्या हाताचं झालेलं असतं. डावा आयुष्यभर भाता हलवत आलेला असतो, त्याला शून्यापासून शिकवावं लागतं.

प्रत्येकाचा 'सा' वेगळा

स्कोअर पहिल्यांदा उघडला की छाती दडपते. एका पानावर वीस-पंचवीस ओळी : वर बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून, त्याखाली हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, मग तालवाद्यं, आणि ऑर्केस्ट्रा असेल तर तळाशी व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत. पण घाम फुटतो तो ओळींच्या संख्येमुळे नाही. कागदावर एकच स्वर लिहिलेला असतो आणि तो वेगवेगळ्या वाद्यांतून वेगवेगळा ऐकू येतो, त्यामुळे.

अमेरिकन मुलांना हे समजायला अर्धं सत्र लागतं. आपल्याला लागू नये. 'मी काळी एकमध्ये गाते, तो पांढरी चारमध्ये गातो' हे आपण लहानपणापासून ऐकतो. तेच इथे आहे. सगळ्यांच्या कागदावर 'सी' लिहिलेला आहे असं धरा. क्लॅरिनेटवाल्याने तो वाजवला की ऐकू येते काळी पाच. फ्रेंच हॉर्नमधून येते पांढरी चार, तीही खालची. आल्टो सॅक्सोफोनमधून काळी दोन. बासरी आणि ट्रॉम्बोन सरळमार्गी, लिहिलंय तेच वाजतं. रोज सकाळी एक पान घ्यायचं, एकच उभा बार (दोन उभ्या रेघांमधला, ठरावीक मात्रांचा तुकडा) धरायचा, आणि त्या क्षणी खरोखर कोणते स्वर वाजताहेत ते पेटीवर दाबून पाहायचे. सुरुवातीला एका बारला दहा मिनिटं लागतात. तीन महिन्यांनी अर्धं मिनिट.

व्हायोला मात्र स्वतःच्या वेगळ्या क्लेफमध्ये (कोणत्या रेघेवर कोणता स्वर, हे सांगणारी खूण) लिहितात, तो पाठच करावा लागतो. दुसरी वाट नाही.

स्कोअर कसा वाचायचा : होल्स्टची आठ बारं

नवख्यांची हमखास चूक म्हणजे आधी यूट्यूब लावणं. एकदा कुणाचं रेकॉर्डिंग कानात बसलं की तुम्ही स्कोअर कंडक्ट करत नाही, त्या रेकॉर्डिंगच्या मागे हात हलवत धावता. आधी कागद, मग गाणं, रेकॉर्डिंग शेवटी.

इंग्रज संगीतकार गुस्ताव्ह होल्स्टचा १९०९ मधला 'फर्स्ट सूट इन ई-फ्लॅट' ही विंड बँडवाल्यांची बाराखडी आहे, म्हणून त्यावरच सांगते. पहिला भाग शाकोन. तीनच्या मापातली आठ बारांची एक सुरावट, सुरुवातीला फक्त ट्यूबा आणि युफोनियम या खालच्या आवाजाच्या पितळी वाद्यांत, हळू आवाजात. पहिले तीन स्वर काळी दोन, पांढरी चार, पांढरी एक. मग हीच आठ बारं पुन्हा पुन्हा येत राहतात आणि वर प्रत्येक वेळी वेगळं काही घडतं. आपल्याकडे पेटीवर नगमा धरून ठेवतात आणि तबला त्यावर बोलतो, जवळपास तसं. फरक असा की इथे नगमाच खालून वर फिरतो : कधी ब्रासमध्ये (पितळी वाद्यांत), कधी सर्वांत वर, आणि मध्येच उलटासुद्धा होतो, चढायचं तिथे उतरतो.

मी काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी पेन्सिलीने प्रत्येक आठ बारांनंतर उभी रेघ. कुठे आठाचं गणित मोडतं तिथे खूण. दुसऱ्या दिवशी फक्त ती सुरावट गायली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, ज्या वाद्यात जाईल तिथे बोट ठेवून. तिसऱ्या दिवशी सुरावट सोडून उरलेलं. चौथ्या दिवशी नवीन कोण कुठे येतं, आणि त्याआधी किती बार गप्प बसलेलं होतं. वीस बार मोजत बसलेल्या माणसाला नजरेने बोलवावं लागतं. पाचव्या दिवशी स्कोअर मिटून पूर्ण भाग मनातल्या मनात, घड्याळ लावून. जिथे चित्र धूसर होतं ते पान पुन्हा उघडायचं. इथवर हात हललेलाच नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातही तेच पहिले तीन स्वर वेष बदलून फिरतात. ते तुम्हीच शोधा, त्यात मजा आहे.

बेथोव्हेन, मोत्सार्ट यांचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट आहेत, तेव्हा 'स्कोअर महाग असतात' ही सबब चालणार नाही.

टाळी समेवर, खूण समेआधी

आता हात. दोनचा, तीनचा, चारचा नमुना कुणीही एका दुपारी शिकतो : पहिली मात्रा खाली, शेवटची वर. आरशासमोर आठवडाभर करा आणि विसरा. खरी अडचण वेगळीच आहे आणि आपल्या लोकांना ती जरा जास्तच येते. आपण ताल हाताने धरतो. टाळी पडते ती समेवरच, आवाज आणि हात एकाच क्षणी. कंडक्टरची खूण मात्र समेच्या आधीच सगळं सांगून मोकळी झालेली असावी लागते : लय किती, आवाज मोठा की लहान, स्वर तोडायचा की लांबवायचा. त्या आधीच्या मात्रेला प्रेप म्हणतात. हात खाली पोहोचला तोवर वादकांनी श्वास घेऊन झालेला असतो. म्हणून प्रेप देताना कंडक्टरनेही श्वास घ्यायचा. मी पहिल्यांदा पोडियमवर, म्हणजे कंडक्टरच्या चौथऱ्यावर, चढले तेव्हा श्वास रोखून धरला होता. समोरच्या बारा जणांनीही रोखला. कुणी वाजवलंच नाही.

याची सर्वांत कठोर परीक्षा बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात. सगळ्या जगाला ते चार स्वर माहीत आहेत. पण कागदावर माप आहे दोन-चार, बार इतके भरभर जातात की एका बारला हाताचा एकच ठोका, आणि पहिल्या बारच्या सुरुवातीला आहे विश्रांती, अर्ध्या मात्रेची. म्हणजे तुमचा हात खाली आपटतो तेव्हा तिथे शांतता असायला हवी, आणि उरलेल्या जागेत तीन स्वर. चौथा स्वर पुढच्या बारच्या समेवर, डोक्यावर फर्माटा घेऊन, म्हणजे कंडक्टर सोडेपर्यंत थांबलेला. घाबरून मी प्रेपच्या आधी अजून एक 'सुरक्षित' ठोका दिला. अर्ध्या व्हायोला तिथेच घुसल्या. प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "तू दोनदा बोलावलंस, काही जण पहिल्यांदाच आले." एकच प्रेप, आणि त्यावर पूर्ण विश्वास. घरी सराव असा : मित्राला समोर बसवा, काही न बोलता एक प्रेप द्या, त्याने फक्त 'त' म्हणायचं. तुमच्या मनातल्या क्षणी, मनातल्या जोराने आला तर जमलं.

डावा हात उजव्याची नक्कल करत असेल तर तो खिशात ठेवा, खरंच. मग उजव्याने चारचा नमुना चालू ठेवून डावा आठ मात्रांत कमरेपासून खांद्यापर्यंत सावकाश वर न्या आणि आठ मात्रांत खाली आणा. पहिल्या दिवशी उजवा हात लय सोडतो किंवा डावा गचके खातो. महिनाभराने दोघांची फारकत होते.

बॅटन, म्हणजे कंडक्टरची काठी, साधारण १२ ते १६ इंचांची असते. हलकी घ्या, मूठ तळव्यात बसेल अशी, महागडी नको. सतराव्या शतकातला फ्रान्सचा संगीतकार झाँ-बातिस्त लुली जमिनीवर जड काठी आपटून ताल द्यायचा, ती पायाच्या बोटावर बसली, जखम चिघळली आणि १६८७ मध्ये तो गेला. आताच्या बॅटनने फार तर स्वतःचा चष्मा उडतो.

माणसं गोळा करा

हा टप्पा लोक टाळतात, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. कॉलेजने ऑर्केस्ट्रा द्यायची वाट पाहू नका. आठ वादक पुरतात. गोव्यात चर्चमधली व्हायोलिनवाली मुलं असतात, पुण्या-मुंबईत ग्रेडवाली. कुणी बासरी, कुणी सिंथेसायझर. हाती येईल त्या वाद्यांसाठी स्वतः भाग लिहून काढा, त्यातून इन्स्ट्रुमेंटेशनही, म्हणजे कोणत्या वाद्याला काय द्यायचं हेही, शिकता येतं. ढोल-ताशा पथकात असाल तर तेही कमी समजू नका. ताशा पुढे, टोल लय बांधून ठेवतो, आणि हात बदलायचा तेव्हा एका खुणेवर शंभर ढोल वळतात. रस्त्यावरच्या त्या गोंगाटात शब्द चालत नाहीत, खूणच चालते. अर्जाच्या निबंधात मी पथकाबद्दल लिहिलं होतं आणि मुलाखतीत सगळ्यांत जास्त प्रश्न त्यावरच आले.

मुंबईत असाल तर एनसीपीएला (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम चुकवू नका. २००६ मध्ये सुरू झालेला हा वाद्यवृंद. तिकीट काढताना कंडक्टरचा चेहरा दिसेल अशी बाजूची जागा मिळते का बघा. पाठ पाहून काही शिकता येत नाही.

तालमीत बोलायची एक शिस्त आहे, ती पहिल्या दिवसापासून लावा. थांबवलंत की आधी कुणाला, मग कुठे, मग काय. "दुसऱ्या क्लॅरिनेट, बार सतरा, स्वर अजून छोटे." झालं, पुढचा ठोका. 'मला असं वाटतं की इथे थोडं जरा…' असं सुरू केलं की ट्रंपेटवाले फोन काढतात. माझ्या पहिल्या तालमीचं रेकॉर्डिंग घड्याळ लावून पाहिलं तर वीस मिनिटांपैकी अकरा मिनिटं मीच बोलत होते. आणि वाजवणं थांबवायचं ते काही सांगायचं असेल तरच. काहीतरी बिघडलंय पण काय ते कळत नाहीये, तर पुढे जाऊ द्या, ऐका.

व्हिडिओ आणि पैसे

मास्टर्सचा अर्ज बऱ्याच ठिकाणी १ डिसेंबरच्या आसपास बंद होतो, म्हणजे व्हिडिओ त्याआधीच्या उन्हाळ्यापर्यंत हातात हवा. कॅमेरा वादकांच्या बाजूने, तुमचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. बहुतेक ठिकाणी तालमीचा तुकडा आणि कार्यक्रमाचा तुकडा, दोन्ही मागतात, कापाकापी न केलेला. कार्यक्रमापेक्षा तालमीचाच जास्त बारकाईने पाहतात. भव्य रचना निवडून ढासळण्यापेक्षा आठ वादकांचं मोत्सार्ट नीट करा.

खर्च ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो, म्हणून असिस्टंटशिपबद्दल सांगते. ग्रॅज्युएट असिस्टंट झालात तर फी माफ किंवा बरीच कमी होते, वर महिन्याला थोडा पगार. बदल्यात आठवड्याला २० तासांपर्यंत काम. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर तेवढंच करता येतं. काम म्हणजे खुर्च्या मांडणं, स्टँड मोजणं, लायब्ररीत पार्ट (एकेका वादकाचे कागद) लावणं, आणि बँडवाल्यांसाठी ऑगस्टच्या उन्हात फुटबॉलच्या मैदानावर मार्चिंग बँड. मला फुटबॉलचे नियम आजही कळत नाहीत, पण टचडाऊन झाल्यावर कोणतं गाणं वाजतं ते झोपेतही सांगेन. अशा जागा दरवर्षी एका प्राध्यापकाकडे एक किंवा दोन निघतात. म्हणून एकाच नामांकित कॉलेजवर डाव लावू नका, सहा-सात ठिकाणी अर्ज करा, आणि अर्जाआधी प्राध्यापकांना लिहून विचारा की या वर्षी जागा आहे का. हे विचारणं उद्धटपणाचं नाही, तिकडे अपेक्षितच असतं.

पोडियमवरची वीस मिनिटं

व्हिडिओ पसंत पडला तर जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष बोलावतात. थिअरी, इतिहास, कान यांची परीक्षा, मुलाखत, आणि त्यांच्या वाद्यवृंदासमोर वीसेक मिनिटं. रचना आधी कळवलेली असते. सुरुवातीला सलग वाजवू द्या. दोन-तीन गोष्टी निवडा, त्या सुधारा, पुन्हा वाजवून घ्या. बदल ऐकू यायला हवा. प्राध्यापक मध्येच येऊन म्हणतील, "हेच जरा वेगळं करून दाखव." ती चूक काढणं नसतं. तुम्ही सांगितलेलं लगेच हातात उतरवू शकता का, हे ते बघत असतात. तिथे "सर, पण मला असं वाटलं" सुरू करू नका. करून दाखवा.

समोर चाळिशीचा डॉक्टरेटवाला ओबो घेऊन बसलेला असेल. वयाने मोठ्या माणसाला "पुन्हा वाजवा" म्हणताना आपली जीभ अडखळते. आदर आवाजात ठेवा, सूचना स्पष्ट द्या. आणि उतरताना त्यांना थँक यू म्हणा, परीक्षकांना नंतर.

पैशांसकट आलेल्या प्रस्तावाला बहुतेक विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं असतं. तोवर कुणी घाई केली तरी दबू नका. होकार कळवण्याआधी त्या प्राध्यापकांकडे आत्ता शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला फोन लावा. हॉल कसा आहे, थंडी किती, ते नंतर. आधी विचारा : आठवड्याला तुला प्रत्यक्ष वाद्यवृंदासमोर किती मिनिटं मिळतात? उत्तरात आकडा आला नाही, नुसतं "खूप शिकायला मिळतं" आलं, तर पुन्हा विचारा.